मर्यादित शिकार परवाने (युटा)

मोठ्या वन्य प्राण्यांच्या शिकारीसाठी ठरावीक विभागात, ठरावीक हंगामापुरते मोजकेच परवाने सोडतीने देण्याची पद्धत. अमेरिकेच्या पश्चिमेकडील राज्यांत ती रूढ असून युटात तिला ‘लिमिटेड एंट्री’ म्हणतात. एल्क (मोठ्या आकाराचे हरिण), म्यूल डिअर (हरणाची एक जात) आणि प्राँगहॉर्न (काळविटासारखा प्राणी) हे तिच्यातले मुख्य प्राणी.

हे परवाने प्राणी नामशेष होऊ नयेत म्हणून असतात, असा अनेकांचा समज असतो. तो अपुरा आहे. एल्कचा एक नर अनेक माद्यांशी जुगतो. त्यामुळे कळप वाढणार की घटणार हे मुख्यतः माद्यांवर ठरते आणि त्यांच्या शिकारीचे परवाने वेगळे निघतात. नरांवरची मर्यादा असते ती वयासाठी. नराची शिंगे दरवर्षी गळून नव्याने फुटतात आणि नर सहा-सात वर्षांचा होईपर्यंत दर खेपेस अधिक भरदार येतात. तेवढे जगू दिले तरच भरदार शिंगांचे नर रानात दिसतात. शिकारी ज्याला ‘दर्जेदार शिकार’ म्हणतात, ती बव्हंशी हीच.

वय कळते दातावरून. शिकाऱ्याने मारलेल्या एल्कचे पुढचे दात उपटून पाकिटातून वन्यजीव खात्याकडे पाठवायचे असतात. दाताच्या मुळावर वर्षागणिक सिमेंटमचा (मुळावरच्या कठीण आवरणाचा) थर चढतो. मुळाचा पातळ काप काढून सूक्ष्मदर्शकाखाली हे थर मोजतात. प्रत्येक विभागासाठी सरासरी वयाचे लक्ष्य ठरलेले असते, कुठे कमी, कुठे जास्त. सरासरी लक्ष्याच्या वर गेली की परवाने वाढवायचे, खाली घसरली की कापायचे. सगळ्या व्यवस्थेतला सर्वांत नेटका भाग हाच.

सोडतीत नंबर न लागलेल्याला दरवर्षी एक बोनस गुण मिळतो. निम्मे परवाने सर्वाधिक गुणवाल्यांना जातात. उरलेल्या परवान्यांच्या सोडतीत प्रत्येक गुणामागे एक जादा संधी असते. परवाना मिळाला की साठलेले गुण शून्यावर येतात आणि एल्कसाठी पुन्हा अर्ज करायला पाच वर्षे थांबावे लागते. मूस (सर्वांत मोठे हरिण), बायसन (अमेरिकी रानगवा), बिगहॉर्न मेंढा आणि पहाडी बकरा यांचा परवाना तर आयुष्यात एकदाच.

दुखणे आहे रांगेचे. अर्जदार वाढतात, परवाने त्या मानाने वाढत नाहीत, आणि नामांकित विभागासाठी लागणारे गुण दरवर्षी पुढे सरकतात. आज पहिला अर्ज भरणारा तरुण म्हातारपणी तिथे पोहोचेल याचीही खात्री नाही. शिवाय थोडे परवाने संवर्धनाच्या नावाने लिलावात निघतात आणि पैसेवाला रांग टाळून पुढे जातो. पैसा अधिवास सुधारणेला लागतो हे खरे, पण वन्य प्राणी सर्वांच्या मालकीचे या तिथल्या तत्त्वाशी ते नीट जुळत नाही. वन्यजीव खात्यांचा खर्च एरवी परवाना शुल्कातून आणि १९३७ च्या पिटमन–रॉबर्टसन कायद्यानुसार बंदुका-काडतुसांवरील केंद्रीय करातून भागतो.

भारतातही १९७२ च्या वन्यजीव (संरक्षण) कायद्यात सुरुवातीला मोठ्या शिकारीचा परवाना होता. १९९१ च्या दुरुस्तीने तो रद्द झाला. आता मुख्यतः पिकांची नासधूस करणाऱ्या किंवा जिवाला धोकादायक प्राण्यांपुरती कलम ११ ची वाट उरली आहे. महाराष्ट्रात तिचा संबंध प्रामुख्याने रोही (नीलगाय) आणि रानडुकरांशी येतो.