तुमच्या नावाचं बनावट खातं: तक्रार का फेटाळली जाते आणि ती कशी भरावी

एआयने तयार केलेला तुमचा चेहरा किंवा आवाज वापरून कुणी खातं चालवत असेल, तर तक्रार भरायला दहा मिनिटं लागतात. ती मंजूर करून घेताना मात्र माणसं रडकुंडीला येतात. फेटाळलेल्या तक्रारी मी अनेकांच्या शेजारी बसून पुन्हा भरल्या आहेत आणि चुका जवळजवळ त्याच असतात. अर्जदार पोटतिडकीने 'ते खातं खोटं आहे' हे सांगत राहतो. तक्रार तपासणाऱ्या कंपनीच्या माणसाला त्याआधी 'तुम्ही खरे कोण' याचा पुरावा हवा असतो.

अर्ज कुणी करायचा? ज्याची नक्कल झाली, त्यानेच. तोतया खात्याच्या तक्रारीवर इन्स्टाग्राम उत्तर देतं ते त्या व्यक्तीला किंवा पालकांसारख्या प्रतिनिधीला. मित्रांनी कितीही 'रिपोर्ट' केलं तरी तुमचा अर्ज तुम्हालाच भरावा लागतो. तिथे तुमचं खातं नसलं तरी फॉर्म भरता येतो.

सोबत सरकारी ओळखपत्राचा फोटो लागतो. इथेच बरेच जण अडकतात. ओळखपत्रावर पूर्ण नाव, खात्यावर टोपणनाव, किंवा लग्नानंतर बदललेलं आडनाव. फरक असेल तर वर्णनाच्या रकान्यात एका ओळीत तसं लिहा; तपासणाऱ्याने अंदाज बांधावा अशी अपेक्षा ठेवू नका. कार्डाचे चारही कोपरे दिसू द्या आणि अक्षरांवर चकाकी येऊ देऊ नका.

स्क्रीनशॉट जपून ठेवा, पण फॉर्मला त्या खात्याचं नेमकं युजरनेम किंवा लिंक लागते. तोतया बहुतेकदा तुम्हालाच आधी ब्लॉक करतो, त्यामुळे तुम्हाला ते खातं सापडतच नाही. अशा वेळी ज्याला ते दिसतं, त्याच्याकडून लिंक मागवा.

यूट्यूबवर जून 2024 पासून, तुमच्यासारखा दिसणारा किंवा बोलणारा एआय व्हिडिओ काढून टाकण्यासाठी प्रायव्हसी तक्रार करता येते. कॉपीराइटचा फॉर्म भरू नका, ती वेगळी वाट आहे. 48 तासांच्या मुदतीचा तर हमखास चुकीचा अर्थ लावला जातो. ती व्हिडिओ टाकणाऱ्याला स्वतःहून तो काढण्यासाठी दिलेली असते. त्याने काढला नाही, तर त्यानंतर यूट्यूबची तपासणी सुरू होते. म्हणून तिसऱ्या दिवशी व्हिडिओ तसाच दिसला म्हणजे तक्रार फेटाळली असं समजून घाबरू नका. दृश्य विडंबन आहे का, तुम्ही सार्वजनिक व्यक्ती आहात का, हेही पाहिलं जातं. व्हिडिओत तुम्ही नेमके कोणत्या मिनिटाला ओळखू येता, ते लिहा.

तुमचंच खातं कुणी बळकावलं असेल, तर प्रक्रिया निराळी. खात्यावर तुमचे फोटो असतील तर इन्स्टाग्राम व्हिडिओ सेल्फी मागू शकतं: सांगतील त्या दिशांना मान वळवायची. चष्मा काढा, उजेड समोरून घ्या. फोटोच नसतील, तर खातं उघडताना दिलेला ईमेल किंवा फोन नंबर आणि तेव्हा वापरलेल्या उपकरणाचा प्रकार विचारतात. कित्येक वर्षांपूर्वीचा फोन कुणाच्या लक्षात असतो? हा प्रश्न ठेवणाऱ्यांनी सामान्य माणसाचा विचार केलेला दिसत नाही. आज आठवत असेल तर कागदावर टिपून ठेवा, आणि टू-स्टेप (पासवर्डनंतर आणखी एक कोड मागणारी सुरक्षा) चालू केल्यावर मिळणारे बॅकअप कोडही त्याच कागदावर.

कृपा करून एक ऐका. 'पैसे द्या, खातं परत मिळवून देतो' म्हणणाऱ्याला ओळखपत्र आणि ओटीपी देऊ नका. घाबरलेल्या माणसाने तेच केलं आणि उरलंसुरलंही गेलं, हे मी डोळ्यांनी पाहिलंय. फॉर्म नेहमी ॲपच्या मदत विभागातूनच उघडा.

तक्रार फेटाळली गेली, तर ओळखपत्राचा तोच फोटो पुन्हा पाठवू नका. नाव, लिंक, फोटोची स्पष्टता आणि निवडलेला तक्रारीचा प्रकार, या चार गोष्टी त्याच क्रमाने तपासा, मगच नवा अर्ज भरा.