कोकणातल्या लहान महाविद्यालयाचे फुटबॉल मैदान : अनुदानासाठी पात्रता, कागदपत्रे आणि अर्जाची पद्धत

मैदानासाठी पैसे कुठून मिळतील, हा प्रश्न संस्थाचालक सगळ्यात आधी विचारतात. पालघरपासून सिंधुदुर्गापर्यंतच्या कुठल्याही लहान महाविद्यालयाने तो तिसऱ्या क्रमांकावर ठेवावा, असे माझे स्पष्ट मत आहे. जागा कागदोपत्री कोणाच्या नावावर आहे, हा पहिला प्रश्न. पावसाळ्यात तिच्यावर पडणारे पाणी कुठे जाणार, हा दुसरा. या दोन्हींची उत्तरे फाइलमध्ये असली की अर्ज सरळ पुढे सरकतो. ती नसली, तर मंजूर झालेला निधीही काम सुरू न होता मार्चअखेर हातचा जातो.

आधी जागा मोजा, मग सातबारा वाचा

फुटबॉलच्या नियमांनुसार मैदानाची लांबी 90 ते 120 मीटर आणि रुंदी 45 ते 90 मीटर चालते. किमान माप धरले तर 4,050 चौरस मीटर होतात, म्हणजे 40 गुंठे, एक एकर. 105 बाय 68 मीटरच्या पूर्ण मैदानाला 70 गुंठ्यांहून जास्त जागा लागते आणि बाजूची मोकळी पट्टी वेगळी. 90 बाय 50 चे मैदान घेऊन चारही बाजूंना तीन मीटर सोडले, तर 53 गुंठ्यांत काम होते. कातळाला लागून असलेल्या किंवा उतारावरच्या आपल्या आवारांसाठी हेच माप व्यवहार्य आहे. एका एकरात आंतरराष्ट्रीय मापाचे मैदान दाखवणारा नकाशा जोडू नका. स्थळपाहणीला आलेला अभियंता टेप लावतोच.

डिजिटल स्वाक्षरीचा सातबारा 15 रुपयांत ऑनलाइन मिळतो. त्यात भोगवटादाराचे नाव बघाच, पण त्याहून नीट वाचायचा तो ‘कुळ, खंड व इतर अधिकार’ हा भाग. कोकणातली खरी अडचण तिथे लिहिलेली असते. गावातल्या एखाद्या घराण्याने कॉलेज उभे राहताना विश्वासाने, तोंडी शब्दावर जागा दिलेली असते. सातबाऱ्यावर मात्र आजही सामाईक खातेदारांची लांबलचक यादी असते. त्यातले काही मुंबईत, काही हयात नाहीत आणि वारसनोंद झालेली नाही. अशा जागेवर शासनाचा पैसा खर्च होत नाही. नोंदणीकृत बक्षीसपत्र किंवा दीर्घ मुदतीचा नोंदणीकृत भाडेपट्टा करून घ्यावा लागतो. त्यासाठी आधी वारसनोंदी आणि मग सगळ्या सहहिस्सेदारांच्या सह्या हव्यात. गणपतीला किंवा शिमग्याला मंडळी गावी येतात, त्या दिवसांत हे काम उरकता येते. एरवी एकेका सहीसाठी महिने जातात.

‘खाजगी वन’, ‘गुरचरण’, ‘देवस्थान इनाम’ किंवा सिंधुदुर्गात ‘आकारीपड’ (सारा थकल्याने सरकारजमा झालेली जमीन) असा शेरा दिसला तर तिथेच थांबा आणि तहसीलदारांचा लेखी अभिप्राय मागा. 1975 च्या खाजगी वने संपादन कायद्याखालची नोंद असेल, तर वनखात्याचा प्रश्न सुटल्याशिवाय जेसीबी लावता येत नाही. हद्दीबद्दल शेजाऱ्याशी वाद असेल किंवा गडगा (दगडी बांध) नेमका कोणाच्या हद्दीत हे ठरलेले नसेल, तर तालुक्याच्या उपअधीक्षक, भूमी अभिलेख कार्यालयात मोजणीचा अर्ज करून ‘क’ प्रत (हद्द दाखवणारा मोजणी नकाशा) घ्या. पुढे कुंपणाच्या कामाला तीच लागते.

खाडी किंवा समुद्राजवळ जागा असेल तर सीआरझेडचा (किनारा नियमन क्षेत्राचा) नकाशा तपासा. सीआरझेड-3 मधल्या ना-विकास क्षेत्रातही खेळाच्या मैदानाला मुभा आहे. पक्की गॅलरी, चेंजिंग रूम आणि स्वच्छतागृह ही बांधकामे ठरतात. त्यांचा विचार वेगळा होतो. म्हणून एकाच नकाशात मैदान आणि इमारत गुंतवू नका. दोन स्वतंत्र कामे दाखवा, म्हणजे एकाची परवानगी रखडली तरी दुसरे थांबत नाही.

अंदाजपत्रक : पैसा नेमका कशाला लागतो

इथे घाई करू नका, कारण अनुदान मिळूनही मैदान वाया जाते ते याच टप्प्यावर.

रत्नागिरी-सिंधुदुर्गात वर्षाला 3,000 मिलिमीटरच्या आसपास किंवा त्याहून जास्त पाऊस पडतो आणि त्यातला बहुतेक जून ते सप्टेंबरमध्ये. पूर्ण मापाच्या मैदानावर 100 मिलिमीटर पाऊस झाला, तर त्या एका दिवसात सात लाख लिटरहून जास्त पाणी साचते किंवा वाहते. जांभ्याच्या सड्यावर (खडकाळ पठारावर) लाल माती पसरून रोलर फिरवला आणि निचऱ्याची सोय केली नाही, तर पहिल्या पावसाळ्यातच माती व्हाळाला (ओढ्याला) जाते. गोलपोस्टसमोर, जिथे खेळाडूंचे पाय सतत पडतात, तिथे घोटाभर चिखलाची खळगी होते. ऑक्टोबरमध्ये ती कडक वाळते आणि मुलांचे घोटे मुरगळतात ते तिथेच. कॉलेजची मुले अनवाणी किंवा साध्या बुटांत त्याच जागेवर सराव करतात. या कामात काटकसर करणे मला अजिबात मान्य नाही.

म्हणून अंदाजपत्रकात पहिला क्रमांक निचऱ्याचा असू द्या. मधल्या रेषेपासून दोन्ही बाजूंना एक टक्का उतार दिला, तर 68 मीटर रुंदीच्या मैदानात मध्य आणि कडा यांत 34 सेंटिमीटरचा फरक येतो. तो डोळ्याला जाणवत नाही, पाण्याला पुरतो. कडेने चिऱ्याचे गटार आणि ते जवळच्या व्हाळाला जोडणे हे त्याच बाबीत घ्या. पाणी शेजाऱ्याच्या बागेतून जाणार असेल तर त्याची लेखी संमती फाइलला लावा.

त्यानंतर माती. पूर्ण मैदानावर फक्त 15 सेंटिमीटर जाडीचा थर द्यायचा म्हटले, तर सुमारे 1,070 घनमीटर, म्हणजे 378 ब्रास (एक ब्रास म्हणजे 100 घनफूट) माती लागते. आपल्या 90 बाय 50 च्या मैदानाला 238 ब्रास. हा आकडा पाहिल्यावर खर्च कुठे जातो ते कळते: मातीपेक्षा वाहतूक महाग पडते. उत्खननासाठी तहसील कार्यालयाची गौण खनिज परवानगी आणि ब्रासप्रमाणे स्वामित्वधन (रॉयल्टी) भरावे लागते. ही रक्कम अंदाजपत्रकात धरली नाही तर ती संस्थेच्या खिशातून जाते. वर हरळी लावायची ती जूनच्या पहिल्या सरींनंतर, म्हणजे पाण्याचा टँकर लागत नाही.

उनाड गुरांना रोखायला कुंपण हवेच. गोलपोस्ट 7.32 बाय 2.44 मीटरच्या मापाचे, गॅल्वनाइज्ड आणि जमिनीत पक्के बसवलेले घ्या. खाऱ्या हवेत साधे लोखंड लवकर सडते आणि सैल गोलपोस्ट अंगावर पडणे हा जिवाचा प्रश्न आहे. प्रकाशझोत पहिल्या टप्प्यात नकोत. त्यांचे वीजबिल आणि देखभाल लहान महाविद्यालयाला झेपत नाही. कृत्रिम टर्फचा खर्च पूर्ण मैदानासाठी कोटींच्या घरात जातो आणि काही वर्षांनी ते बदलावेही लागते. तेव्हा तो प्रस्ताव जिल्हा क्रीडा संकुलाला शोभतो.

दर सार्वजनिक बांधकाम विभागाच्या चालू दरसूचीप्रमाणे लावा, जीएसटी वेगळा दाखवा आणि सक्षम अभियंत्याची तांत्रिक मान्यता घ्या. खासगी कंत्राटदाराचे कोटेशन जोडलेला प्रस्ताव परत येतो.

अर्ज कुठे करायचा

बहुतेक लहान महाविद्यालयांसाठी योग्य दार म्हणजे जिल्हा क्रीडा अधिकारी कार्यालय. राज्याच्या क्रीडा व युवक सेवा संचालनालयाची क्रीडांगण विकास अनुदान योजना तिथूनच चालते आणि पैसा जिल्हा वार्षिक योजनेतून येतो. सपाटीकरण, कुंपण, पिण्याचे पाणी, स्वच्छतागृह, चेंजिंग रूम, क्रीडासाहित्य अशी कामे तिच्यात बसतात. मान्यताप्राप्त शाळा-महाविद्यालये, स्थानिक स्वराज्य संस्था आणि नोंदणीकृत संस्था यांना अर्ज करता येतो. अनुदानाची मर्यादा शासन निर्णयाने वेळोवेळी बदलते, त्यामुळे चालू वर्षाचा निर्णय कार्यालयातून मागून घ्या आणि अंदाजपत्रक त्या मर्यादेत टप्प्याटप्प्याने बांधा. मर्यादेबाहेरचा खर्च संस्था कुठून करणार, हे ठरावात लिहा.

आमदार आणि खासदार निधीतूनही कुंपण किंवा स्वच्छतागृहासारखे एखादे काम होऊ शकते. खासदाराला वर्षाला 5 कोटी रुपयांपर्यंत कामे सुचवता येतात. पैसा संस्थेच्या खात्यात येत नाही. जिल्हा प्रशासन यंत्रणा नेमून काम करून घेते. तयार झालेली सोय लोकांना वापरता आली पाहिजे, ही अट मनापासून स्वीकारा. गावातल्या मुलांना संध्याकाळी मैदान खुले ठेवण्याचा ठराव जोडलात, तर प्रस्तावाला वजन येते आणि मैदानही जिवंत राहते.

सीएसआरची, म्हणजे कंपन्यांच्या सामाजिक जबाबदारीच्या निधीची, वाट लोटे परशुराम, महाड, रोहा अशा औद्योगिक वसाहतींजवळच्या महाविद्यालयांनी नक्की तपासावी. कंपनी कायदा 2013 च्या सातव्या अनुसूचीत ग्रामीण आणि ऑलिम्पिक खेळांच्या प्रशिक्षणाचा समावेश आहे, म्हणून प्रस्तावात नुसते बांधकाम न मांडता प्रशिक्षणाचे वेळापत्रकही मांडा. संस्थेकडे आयकर कायद्याखालची 12ए आणि 80जी नोंदणी आणि सीएसआर-1 (सीएसआर निधी घेण्यासाठीची नोंदणी) क्रमांक असायला हवा. 1 एप्रिल 2021 पासून तो बंधनकारक आहे. सरकारी आणि अनुदानित महाविद्यालयांनी केंद्राच्या उच्च शिक्षणासाठीच्या पीएम-उषा योजनेकडेही लक्ष ठेवावे, पण तिथे मैदान हा मोठ्या आराखड्यातला एक छोटा भाग असतो.

फाइलमध्ये काय काय

संस्थेचे नोंदणी प्रमाणपत्र, घटना आणि धर्मादाय कार्यालयातला परिशिष्ट 1 चा अद्ययावत उतारा. हा उतारा आधी काढा. दिवंगत विश्वस्तांची नावे त्यावर असतील आणि बदल अर्ज प्रलंबित असेल, तर अर्जावर सही कोणाची चालणार हाच प्रश्न उभा राहतो. त्याशिवाय महाविद्यालयाच्या मान्यतेचे आणि विद्यापीठ संलग्नतेचे पत्र, मागच्या तीन वर्षांचे लेखापरीक्षण अहवाल, जागेचा सातबारा किंवा मिळकत पत्रिका, भाडेपट्टा असल्यास त्याची नोंदणीकृत प्रत, नकाशा आणि तांत्रिक मान्यतेसह अंदाजपत्रक, कार्यकारी मंडळाचा ठराव, याच कामासाठी दुसरीकडून निधी घेतला नसल्याचे हमीपत्र, बँक खात्याचा तपशील आणि जागेचे आजचे फोटो. विद्यापीठाच्या कोकण विभागीय स्पर्धांत संघ उतरत असेल तर त्याची प्रमाणपत्रे लावा. मुलींचा संघ असेल तर ते ठळक लिहा. चेंजिंग रूमची गरज त्यातूनच सिद्ध होते.

अर्जाच्या दोन प्रती न्या आणि आपल्या प्रतीवर आवक क्रमांक घेतल्याशिवाय कार्यालयातून निघू नका. त्रुटीचे पत्र आले तर सगळी पूर्तता एकदम करा.

वेळेचे गणित

आर्थिक वर्ष एप्रिल ते मार्च, आणि कोकणात मातीकाम होते दसऱ्यापासून मेच्या मध्यापर्यंत. म्हणून अर्ज जून-जुलैतच गेला पाहिजे. तेव्हा गेला तर स्थळपाहणी पावसातच होते, आणि पाणी कुठे साचते ते पाहणाऱ्याला दाखवता येते. प्रशासकीय मान्यता दिवाळीच्या सुमारास मिळाली, तर उतार, गटार आणि मातीचा थर मार्चच्या आत पूर्ण होतो. डिसेंबरात दिलेला अर्ज बहुधा पुढच्या वर्षावर जातो.

कार्यादेशाआधी काम सुरू करू नका. त्या खर्चाला मान्यता मिळत नाही. काम चालू असताना प्रत्येक टप्प्याचे तारखेसह फोटो ठेवा, विशेषतः माती टाकण्याआधीच्या उताराचे आणि गटाराच्या पायाचे, कारण नंतर ते दिसत नाहीत. शेवटी मोजमाप पुस्तिकेतली नोंद, देयके, काम पूर्ण झाल्याचा दाखला आणि सनदी लेखापालाच्या सहीचे उपयोगिता प्रमाणपत्र सादर करा. गोलपोस्ट, जाळ्या, रोलर यांची नोंद त्याच आठवड्यात जिमखान्याच्या डेडस्टॉक (टिकाऊ वस्तूंच्या) रजिस्टरात घ्या. पुढच्या अनुदानाच्या वेळी तपासणी अधिकारी तेच रजिस्टर मागतात.