कंपनांनी मेंदूतील गुठळी विरघळते का?

पक्षाघातातून सावरणाऱ्या माणसाच्या छातीवर काशाचा वाडगा ठेवून तो लाकडी दांडीने घुमवला, की कंपनांनी मेंदूतील गुठळी विरघळते, झोप लागते आणि मग गोळ्यांची गरज उरत नाही, असे इंदूरच्या रामबागेतील मराठी घरांतही वर्षानुवर्षे सांगितले जाते. हे खरे नाही. गुठळी विरघळवणारे औषध शिरेतून, साधारणपणे लक्षणे सुरू झाल्यापासून साडेचार तासांच्या आत द्यावे लागते. ज्यांना मेंदूत रक्तस्राव झाला आहे त्यांना तर ते घातकच ठरते.

वाडगा घुमू लागला की बरगड्यांत गुणगुण जाणवते, श्वास संथ होतो आणि काशाच्या वाटीने तळपाय चोळल्यावर येते तशी सुस्ती येते, हे मान्यच आहे. नॉर्वेच्या ओलाव्ह स्किले यांनी १९८० च्या दशकात खुर्चीतून किंवा गादीतून कमी वारंवारतेचा ध्वनी शरीराला देण्याची पद्धत पुढे आणली, तीही शरीर सैल पडावे यासाठी. पक्षाघातानंतरच्या चिंतेवर व झोपेवर मात्र तिचे अभ्यास थोडे आणि लहान आहेत.

मला खरी काळजी वाटते ती वेगळीच. झोपमोडीमागे पुष्कळदा झोपेत श्वास अडखळण्याचा विकार असतो, जो पक्षाघात झालेल्यांत फार मोठ्या प्रमाणावर आढळतो. मोठ्याने घोरताना रुग्णाचा श्वास मध्येच थांबत असेल, तर घरच्यांनी ते डॉक्टरांना आवर्जून सांगावे. वाडगा हवा तर वापरावा, परंतु रक्तदाबाची गोळी त्याच्या भरवशावर बंद करू नये.