शेळी खात नाही तो अडुळसा

निफाडकडे पारा उतरला की नाशकात घरोघरी खोकला सुरू होतो आणि मग आमची आजी कुणाला तरी पिटाळते, जा रे बांधावरनं अडुळशाची पानं घेऊन ये. बांधावरच का, तर पानं इतकी कडू की शेळीसुद्धा तोंड लावत नाही (आणि शेळी काय काय खाते ते शेतकऱ्याला विचारा!) म्हणून कुंपणाला हे झुडूप बेस्ट.

आयुर्वेदात याला वासा म्हणतात, खोकला, दमा आणि रक्तपित्त म्हणजे रक्त पडण्याचे आजार यांवर वापरतात. गंमत म्हणजे पानात रस फार कमी, मिक्सरला फिरवली तरी हातात चोथाच येतो, म्हणून जुन्या वैद्यांनी पुटपाक काढला. पानं वाटून गोळा करायचा, तो दुसऱ्या पानात गुंडाळायचा, वरून मातीचा लेप, मग निखाऱ्यात भाजून गरम गरम पिळायचा, की रस सुटतो. मग त्यात मध.

आता मला यातलं खरं भारी काय वाटतं सांगू का, पानात व्हॅसिसिन नावाचं अल्कलॉइड म्हणजे झाडातच तयार होणारं एक रसायन असतं, त्याच्या रचनेवरून रसायनशास्त्रज्ञांनी ब्रोमहेक्झिन हे कफाचं औषध बनवलं, ते १९६३ मध्ये बाजारात आलं, आणि ब्रोमहेक्झिन शरीरात गेल्यावर त्याचं जे बनतं ते अँब्रॉक्सॉल. घरातल्या सिरपची बाटली फिरवून बारीक अक्षरं वाचा, यातलं एक नाव बऱ्याचदा सापडेल. काम काय, तर चिकट कफ पातळ करायचा म्हणजे श्वासनलिकेतल्या सूक्ष्म केसांना तो वर ढकलता येतो.

पण म्हणून पान आणि सिरप एकच असं नाही हं. सिरपच्या चमच्यात किती औषध आहे ते छापलेलं असतं, पानात किती ते झाड, जागा, ऋतू यावर बदलतं. शिवाय व्हॅसिसिनने गर्भाशय आकुंचन पावतं, त्यामुळे पोटुशी बाईला काढा अजिबात द्यायचा नाही, "घरचंच तर आहे" म्हणून तर नाहीच नाही. एक वर्षाच्या आतल्या बाळाला मध पण नाही.

आणि एक, जुने लोक क्षयालाही अडुळसा द्यायचे, तेव्हा दुसरं होतं काय, टीबीचा जंतूच मुळात १८८२ मध्ये रॉबर्ट कॉख या जर्मन डॉक्टरला सापडला. आज दोन आठवड्यांच्या वर खोकला राहिला किंवा थुंकीत रक्त दिसलं तर काढा उकळत बसू नका, थुंकी तपासा, सरकारी दवाखान्यात तपासणी आणि गोळ्या दोन्ही फुकट आहेत.