जुन्या वळणाची डच मोटरनौका घेण्यापूर्वी

नेदरलँड्सच्या फ्रीस्लंड प्रांतातल्या स्नेक गावच्या धक्क्यावर आमच्याबरोबर पहिल्यांदा येणारे ग्राहक हमखास एकाच धाटणीच्या बोटीपाशी रेंगाळतात. नाळ, म्हणजे पुढचं टोक, जवळजवळ उभी, बाजू वर जाताना किंचित आत वळलेल्या, पिछाडी गोल, कठड्यावर चकाकणारं सागवान. बांधणी पाच वर्षांपूर्वीची असेल, रूप मात्र १९३०च्या आसपासचं. आमचाही जीव याच बोटींवर आहे, म्हणून आपली निवड नीट व्हावी असं मनापासून वाटतं.

हे रूप दोन जुन्या घराण्यांतून आलं. एक अ‍ॅमस्टरडॅमची सलूनबोट: पुलांखालून सुटावी म्हणून बुटकी, आत गादीची बाकं, चौफेर काचा. दुसरी ‘बाकडेकर’, म्हणजे पुढचा डेक उंच उचलून खाली केबिनला जागा दिलेली. ‘यॉट’ हा शब्दसुद्धा डच ‘याख्त’वरून आलाय. १६६० मध्ये अ‍ॅमस्टरडॅम शहराने इंग्लंडच्या दुसऱ्या चार्ल्सला ‘मेरी’ ही नौका भेट दिली आणि हा शौक तिथल्या दरबारात रुजला.

जाहिरातीत ‘रोंडस्पांट’ आणि ‘क्निकस्पांट’ हे शब्द दिसतील. किमतीतला मोठा फरक इथे आहे. पोलादी पत्रा एका दिशेला सहज वाकतो. एकाच वेळी दोन दिशांना वळवायचा तर तो रोलरखाली पुन्हापुन्हा घालून ताणावा लागतो. रोंडस्पांट म्हणजे अशी गोल घडवलेली बोट. क्निकस्पांटमध्ये सरळ पत्रे कोनात जोडतात, त्यामुळे मेहनत कमी आणि किंमतही कमी. ती वाईट नसते, उलट लाटेत कमी डोलते. पण जुन्या वळणाची खरी शोभा गोल पत्र्यातच उतरते. बाजूला उभं राहून पत्र्यावरचं पाण्याचं प्रतिबिंब पाहा: पत्रा उत्तम घडवलेला असेल तर ते कुठेही तुटत नाही.

सागवानी डेकची मात्र आम्हाला धास्ती वाटते. पोलादावर स्क्रूने बसवलेल्या जुन्या फळ्यांखाली पाणी मुरतं आणि गंज वरून दिसत नाही. म्हणून बोट पाण्याबाहेर काढून अल्ट्रासाउंडने पत्र्याची जाडी मोजल्याशिवाय आम्ही होकार देत नाही. अशा बोटींचा तळ मूळचा साधारण ४ ते ६ मिलिमीटरचा असतो. गोड्या पाण्यात मॅग्नेशियमचे आणि खाऱ्या पाण्यात जस्ताचे अ‍ॅनोड लागतात (पोलाद गंजू नये म्हणून स्वतः झिजणारे धातूचे तुकडे), तेही तपासतो.

मोठ्या इंजिनावर पैसे घालू नका. पाणी बाजूला सारत जाणारी, पाण्याच्या रेषेवर १२ मीटर लांब असलेली बोट ताशी साधारण १५ किलोमीटरपुढे गेली की डिझेल वाढतं, वेग वाढत नाही. कित्येक कालव्यांवर मर्यादाच ६ ते १२ किलोमीटर आहे.

‘क्राउपहोख्ते’चा शब्दशः अर्थ रांगण्याची उंची. डोलकाठी आणि छत पाडून बोट किती बुटकी होते, ते हा आकडा सांगतो. स्थिर पुलांखालचे आपले मार्ग यावरच ठरतात.

१५ मीटरहून लांब किंवा ताशी २० किलोमीटरहून जास्त वेगाने जाऊ शकणाऱ्या बोटीला चालकाचा परवाना, म्हणजे ‘फारबेवेइस’ लागतो.

पहिल्या भेटीपूर्वी तीन गोष्टी कळवा: बोटीवर किती जण झोपणार, कोणत्या पाण्यात फिरणार आणि हिवाळ्यात बोट कुठे ठेवणार.