जुनी बाजारपेठेतली इमारत वारसा यादीत घालायची तर : पात्रता, कागदपत्रं आणि अर्ज

इमारत पाडून झाली की तिच्याबद्दल हळहळायला नागपूरकर पुढे असतात. जमशेटजी टाटांनी १ जानेवारी १८७७ ला सुरू केलेल्या एम्प्रेस या कापड गिरणीच्या जागेवर आज मॉल उभा आहे. वारसा यादीत, म्हणजे जपायच्या जुन्या इमारतींच्या सरकारमान्य यादीत, नाव घालण्याचा अर्ज मात्र इमारत उभी असतानाच करावा लागतो.

आधी पात्रता. नुसतं वय पुरत नाही. वास्तुरचना, इतिहास, बांधकामाचं तंत्र, आजूबाजूच्या इमारतींसोबतचं समूहमूल्य आणि सामाजिक-आर्थिक इतिहासातलं स्थान, असे वेगवेगळे निकष पाहिले जातात. नागपूरच्या इतवारी बाजारातली पेढी असो की मनसर, कांद्री, उमरेडसारख्या खाणीच्या गावातलं जुनं दुकान, खरा जोर या शेवटच्या निकषात असतो. अशा इमारतीला कोरीव खांब नसतीलही. पण खाणीतल्या मजुरांचा किराणा, कापड, उधारी आणि मालाची आवकजावक जिथून चालली, ती जागा म्हणजे त्या गावाच्या अर्थकारणाचा पुरावाच. अर्जासोबत दोन-तीन पानांचं महत्त्व-टिपण द्या आणि त्यात हेच लिहा. ‘भव्य’, ‘सुंदर’ असल्या विशेषणांनी फाईल पुढे सरकत नाही.

पुरावा घरातच सापडतो. जुन्या वह्या, बिलबुकं, परवाने रद्दीत देऊ नका. बिलावर आणे-पै असतील तर ते बहुधा १९५७ च्या आधीचं, कारण दशमान नाणी त्या वर्षीच्या एप्रिलपासून आली. पत्त्यात ‘नागपूर, म. प्र.’ दिसलं तर छपाईची चूक समजू नका; १९५० ते १९५६ नागपूर मध्य प्रदेशाची राजधानी होती. ‘सी. पी. अँड बेरार’ (मध्य प्रांत व वऱ्हाड) असेल तर कागद त्याहून जुना. मँगनीजच्या पट्ट्यात आणखी एक खूण मिळते. १८९६ च्या प्रॉस्पेक्टिंग सिंडिकेटचीच पुढे सेंट्रल प्रॉव्हिन्सेस मँगनीज ओर कंपनी झाली आणि १९६२ मध्ये तिच्या खाणी आजच्या मॉइल या सरकारी मँगनीज कंपनीकडे आल्या. त्या जुन्या नावाची पावती दुकानात निघाली तर दुकानाचा खाणीशी संबंध आणि काळ, दोन्ही एका कागदात सिद्ध होतात.

बाकीचे कागद नेहमीचेच : आखीव पत्रिका (प्रॉपर्टी कार्ड), नगर भूमापनाचा नकाशा, मालमत्ता कराची पावती, चारही बाजूंचे आणि आतले फोटो, जमल्यास वास्तुविशारदाकडून मोजमापाचे नकाशे. जागा नझूलची, म्हणजे सरकारी मालकीची, असेल तर भाडेपट्ट्याची प्रत जोडा आणि नूतनीकरण अडलेलं नाही ना, तेही पाहून घ्या. मालक नसलात तरी लेखी सूचना देता येते. मालकाचं म्हणणं पुढे ऐकलं जातंच. पण भावाभावांत वाटणीचा वाद असेल तर सगळ्यांची संमतिपत्रं आधीच घेतलेली बरी.

अर्ज कुठे द्यायचा? शहरात महापालिका आयुक्तांच्या नावे, नगररचना विभागात. उमरेड किंवा कामठीत नगरपरिषदेच्या मुख्याधिकाऱ्यांकडे. कामठीत इमारत छावणीच्या हद्दीत असेल तर कॅन्टोन्मेंट बोर्डाकडे. गावखेड्यात आपलं नियोजन प्राधिकरण कोणतं, हे नगररचना कार्यालयात आधी विचारा. प्रतीवर आवक क्रमांक आणि शिक्का मिळाल्याशिवाय टेबलापासून हलू नका.

पुढे वारसा संवर्धन समितीचा सल्ला घेतला जातो, जाहीर सूचना निघते, मालकाला नोटीस जाते, हरकती मागवल्या जातात आणि यादीला राज्याच्या नगरविकास विभागाची मंजुरी लागते. हरकतीची मुदत जाहिरातीतच दिलेली असते, ती वाचा. याला वेळ लागतो.

श्रेणी तीन असतात. पहिल्या श्रेणीत मजबुतीसाठी अत्यावश्यक तेवढंच काम करता येतं. दुसरीत आतले बदल आणि नवा वापर जपून करता येतो. तिसरीत मोकळीक सर्वांत जास्त, आणि बाजारातल्या साध्या इमारतीसाठी हीच श्रेणी मागणं व्यवहाराचं.

यादीत नाव आलं म्हणजे सरकारने इमारत ताब्यात घेतली, हा गैरसमज इतवारीत हमखास ऐकू येतो. मालकी तुमचीच राहते, आणि भाडेकरूचे हक्क त्यामुळे वाढत नाहीत की कमी होत नाहीत. राज्य संरक्षित स्मारक ही वेगळी गोष्ट आहे. ते १९६० च्या कायद्याखाली पुरातत्त्व संचालनालयाकडे येतं. वारसा इमारतीवर चटईक्षेत्राचं (बांधकामाला मिळणाऱ्या एकूण क्षेत्राचं) नुकसान होत असेल तर त्याबदल्यात हस्तांतरणीय विकास हक्क, म्हणजे ते क्षेत्र दुसरीकडे वापरण्याचा किंवा विकण्याचा हक्क (टीडीआर), मागण्याची तरतूदही आहे.

मात्र दुरुस्ती, गिलावा, अगदी रंग द्यायचा तरी लेखी पूर्वपरवानगी लागते. महापालिकेकडून महापालिका कायद्याच्या कलम २६४ ची जीर्ण इमारतीची नोटीस आली तर गप्प बसू नका. संरचना अभियंत्याच्या तपासणी अहवालासह उत्तर द्या आणि त्यात वारसा अर्जाचा आवक क्रमांक लिहा. दुकानदारांनी आणखी एक लक्षात ठेवावं : नवा चमकता फलक ठोकायलाही हीच परवानगी लागते, तेव्हा फलकाचं माप आणि चित्र अर्जालाच जोडून द्या.