काटक मेंढी आणि जंतांना दाद न देणारी मेंढी

सिन्नरच्या पूर्वेला मेंढपाळांच्या एका वाड्यावर श्रावणात दोन मेंढ्या शेजारी शेजारी धरून तपासल्या. दोघी दख्खनी, एकाच कळपातल्या. एक अंगाने भरलेली, पाठीवरून हात फिरवला तर मणका हाताला लागत नव्हता. दुसरी बारीक चणीची. "हिला जंत होतच नाहीत," म्हणत मेंढपाळ बाबांनी भरलेलीच्या पाठीवर थाप मारली. लेंड्या सूक्ष्मदर्शकाखाली ठेवल्यावर उलटंच निघालं. भरलेलीच्या लेंड्यांत जंतांच्या अंड्यांचा खच, बारकीच्या लेंड्यांत शोधावी लागत होती.

भरलेली मेंढी काटक आहे. बारकी जंतांना दाद देत नाही. बोलताना आपण दोघींनाही "प्रतिकारशक्ती चांगली" म्हणून मोकळे होतो आणि पैदाशीचा नर निवडताना तिथेच फसतो.

पावसाळ्यात सगळ्यात घात करतो तो हिमाँकस नावाचा जंत. हा पोटाच्या चौथ्या कप्प्यात राहून रक्त पितो. एक मादी दिवसाला 5 ते 10 हजार अंडी घालते. ओल आणि ऊब मिळाली की आठवडाभरात अळी गवताच्या पात्यावर चढते, आणि मेंढीच्या पोटात गेल्यावर साधारण तीन आठवड्यांत तिचीही अंडी लेंडीतून पडू लागतात.

दाद न देणाऱ्या मेंढीच्या पोटाचं अस्तर या अळीला ओळखतं. चिकट स्राव वाढतो, इओसिनोफिल नावाच्या पांढऱ्या पेशी तिथे जमतात, बऱ्याच अळ्या रुजण्याआधीच बाहेर पडतात. ज्या उरतात त्या खुरटतात, अंडी कमी घालतात. काटक मेंढीच्या पोटात जंत सुखाने नांदतात. ती फक्त गेलेलं रक्त भरून काढते, चारा सोडत नाही, वजन टिकवते. तिला काही होत नाही, पण ती दिवसभर रानात अंडी पेरत फिरते. त्याच रानात तिच्यामागून कोकरं चरतात, आणि त्यांची प्रतिकारशक्ती अजून घडायची असते. कळपातली कोकरं जबड्याखाली पाणी उतरून मरतात तेव्हा या धडधाकट मेंढीवर कुणाचा संशय जात नाही, याचं मला फार वाईट वाटतं.

जातीजातीतला फरकही असाच पाहावा लागतो. केनियाच्या दमट किनाऱ्यावर रेड मसाई जातीच्या मेंढीच्या लेंडीत डॉर्पर जातीच्या मेंढीपेक्षा अंडी कमी सापडली आणि तिचं रक्तही टिकलं. कोरड्या मुलखात तिचा हा फायदा फारसा उरत नाही. आपल्याकडे फलटणच्या निंबकर कृषी संशोधन संस्थेने सुंदरबनच्या गरोळ मेंढीचा दख्खनीशी संकर केला, तेव्हा संकरित कोकरं निव्वळ दख्खनीपेक्षा जंतांना कमी बळी पडली. गरोळ पिढ्यान्‌पिढ्या पाणथळ रानात चरलेली. दख्खनी कोरड्या माळाची. तिचा काटकपणा चालण्यात, उपाशी राहण्यात. येवला-नांदगावच्या माळावर तो पुरतो. तोच कळप इगतपुरीकडच्या ओल्या पट्ट्यात उतरला की पुरत नाही.

म्हणून गरोळ विकत आणा, असं मी म्हणणार नाही. ती अगदी लहान चणीची, आणि बाजारात भाव वजनाला. दख्खनीतच मेंढीमेंढीत मोठा फरक असतो, आणि अंड्यांच्या संख्येतला साधारण पाव हिस्सा फरक आनुवंशिक असतो. निवड करायला तेवढा पुरे.

डोळ्याची खालची पापणी उलटून रंग बघणं चांगलंच, कुणाला औषध पाजायचं ते त्यावरून कळतं. पण पापणी रक्त किती उरलं ते सांगते, जंत किती आहेत ते नाही. शिवाय आपल्या जिल्ह्यात साठवणीच्या चाळीतला सडका कांदा आणि चिंगळी, म्हणजे बारका कांदा, मेंढरांपुढे ढिगाने टाकतात. कांद्यानेही रक्तपेशी फुटतात आणि पापणी पांढरी पडते. भाताच्या खाचरांकडे चरलेल्या कळपात यकृतातल्या चपट्या कृमीनेही तेच होतं.

नर निवडायचा तर दूध तुटलेल्या, पावसाळ्यात एकत्र चरलेल्या नर कोकरांच्या लेंड्या एकाच दिवशी घ्या. जमिनीवरची उचलू नका, थेट गुदद्वारातून घ्या, प्रत्येकाची पिशवी वेगळी, त्यावर कानातल्या बिल्ल्याचा नंबर. त्याच दिवशी पशुवैद्यकीय दवाखान्यात पोचवा आणि अंडी मोजूनच मागा, नुसतं "जंत आहेत" एवढ्यावर परत येऊ नका. हे सगळं औषध पाजण्याआधी. नुकतंच औषध पाजलेलं असेल तर सगळ्यांच्याच लेंड्या सारख्या दिसतील.